एकच नट आणि बसलेला टायर: सेंटर-लॉक चाकाचं काय करायचं?

नेहमीच्या चाकाला पाच नट असतात. त्यातला एखादा थोडा सैल राहिला तरी उरलेले चार काही काळ निभावून नेतात. सेंटर-लॉक चाकात निभावून न्यायला दुसरं कोणी नसतं. चाकाच्या मधोमध मुठीएवढा एकच नट असतो आणि सगळी भिस्त त्याच्यावर. पद्धत रेसिंगमधली असली तरी आता ती रेसपुरती राहिलेली नाही. पोर्शे ९११ जीटी३ वर ती आहेच, पण ९११ टर्बो एस आणि जीटीएस या रोज चालवल्या जाणाऱ्या गाड्यांवरही आहे. त्यामुळे भर रस्त्यात टायर बसला की मालकाच्या लक्षात येतं की डिकीत स्टेपनी नाही, आणि असती तरी हा नट नेहमीच्या पान्याने हललाही नसता.

रस्त्याच्या कडेला सेंटर-लॉक चाक काढायला जायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. टायर तिथेच तात्पुरता सावरता येतो का बघायचं, नाही तर गाडी सपाट ट्रकवर चढवायची. नट उघडायचा तो कार्यशाळेत, योग्य हत्यारं हाताशी असताना. असं का, ते पुढे येईलच.

चाक धरतं कोण?

पाच बोल्टच्या चाकात बोल्ट चाकाला हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) इतकं करकचून दाबतात की त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षणच इंजिनाचा आणि ब्रेकचा जोर पेलतं. बोल्टवर आडवा भार जवळजवळ येत नाही. सेंटर-लॉकचं गणित वेगळं आहे.

मोघम हिशेब करून पाहू. बोल्ट जितका जाड, तितक्याच पिळाने त्यात येणारा ताण कमी. ९११ च्या पाच बोल्टच्या चाकात १४ मिलिमीटरचा प्रत्येक बोल्ट १६० न्यूटन-मीटरने आवळतात. घर्षणाचा नेहमीचा गुणांक धरला तर एका बोल्टची पकड साधारण साडेसात टनांची भरते, म्हणजे पाचांची मिळून अडतीस टनांच्या आसपास. आता मधल्या नटाच्या आट्यांचा व्यास समजा ६० मिलिमीटर आहे आणि तो ६०० न्यूटन-मीटरने आवळला. पकड येते जेमतेम सात टन! पिळाचा आकडा जवळजवळ चौपट, पण एकूण पकड पाचव्या हिश्शाची.

म्हणून हबवर खुंट्या असतात. चाकाच्या पाठीमागच्या भोकांत त्या घट्ट बसतात आणि फिरवण्याचा, थांबवण्याचा जोर त्यांच्यामार्फत जातो. नटाने चाक हबला टेकवून ठेवायचं, हलू द्यायचं नाही. ही वाटणी लक्षात आली की पुढच्या बऱ्याच बिघाडांचा उलगडा होतो. नट सैल राहिला तर चाक लगेच निखळून पडत नाही. आधी ते खुंट्यांवर मागेपुढे ठोकर खात राहतं. गाडी सुटताना एक ‘टक’, ब्रेक दाबला की दुसरा ‘टक’, रिव्हर्स घेताना पुन्हा एक. तो आवाज आला की गाडी तिथेच उभी करायची.

आट्यांची दिशा हा जुना विषय आहे. रज-व्हिटवर्थ या इंग्लिश कंपनीने १९०८ च्या सुमारास मधल्या एका नटाची तारांची चाकं आणली. त्या नटाला दोन पंख असत आणि मऊ धातूच्या हातोडीने पंखांवर ठोकून तो घट्ट किंवा सैल करत. गाडीच्या डाव्या बाजूला उजवे आटे आणि उजव्या बाजूला डावे, म्हणजे चाक पुढे धावताना नट उलगडण्याऐवजी आवळला जावा. (ते पंख पादचाऱ्यांना लागू नयेत म्हणून अमेरिकेने १९६८ पासून नव्या गाड्यांवर त्यांना मनाई केली.) पोर्शे कॅरेरा जीटीवर डावीकडचे नट लाल आणि उजवीकडचे निळे असतात, अदलाबदल होऊ नये म्हणून. नट रंगीत दिसले की ती नुसती शोभा समजू नका. आणि रंग नसले तरी नट कोणत्या बाजूला सैल होतो हे गाडीच्या पुस्तिकेत बघूनच पाना लावा. उलट्या दिशेने जोर लावून ‘हा जाम झालाय’ म्हणणारे कमी नाहीत.

आजच्या रस्त्यावरच्या गाड्यांत नुसत्या आट्यांच्या दिशेवर विसंबत नाहीत, मधोमध स्प्रिंगवरचं एक दातेरी कुलूप असतं. सॉकेट (पान्याचं नटावर बसणारं टोक) आत दाबलं की कुलूप मागे सरकतं आणि नट मोकळा होतो. सॉकेट काढलं की ते बाहेर उसळी घेतं, त्याचे दाते नटात अडकतात आणि नटाला फिरायला वाव राहत नाही.

६०० न्यूटन-मीटर म्हणजे नेमकं किती?

९११ जीटी३ च्या अलीकडच्या दोन पिढ्यांत नट ६०० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण ६१ किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाने जवळजवळ पूर्ण अंगभार टाकायचा, तोही हिसका न देता. घरोघरी असणारा अर्धा इंची टॉर्क रेंच, म्हणजे पीळ मोजणारा पाना, बहुतेक वेळा ३४० च्या आसपास संपतो. इथे पाऊण इंची, मीटरभर किंवा त्याहून लांब, ८०० पर्यंत मोजणारा रेंच लागतो. हा काही डिकीत टाकून फिरण्याजोगा ऐवज नाही, आणि गाडीबरोबर तो मिळतही नाही.

सैल करताना तर याहून जास्त जोर लागू शकतो. त्यासाठी साधा लांब दांडा घ्यावा. टॉर्क रेंच हे मोजण्याचं हत्यार आहे, त्याने नट उघडला तर त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. त्याला पाइप लावून लांबी वाढवणं हा तसलाच आगाऊपणा. टॉर्क मल्टिप्लायर (गिअरांनी पीळ वाढवणारं हत्यार) वापरत असाल तर त्याच्यासोबतच्या तक्त्यातलंच गुणोत्तर धरा. डब्यावर ‘चौपट’ छापलेलं असलं तरी आतल्या गिअरांचं घर्षण थोडं खातंच.

पिळाचा आकडा गाठला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. कुठलाही नट आवळताना लावलेल्या पिळातला साधारण ९० टक्के भाग नटाच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावर आणि आट्यांत घर्षणापायी जातो. प्रत्यक्ष पकडीला उरतात १० टक्के. आटे कोरडे आहेत, थोडी माती आहे, म्हणून घर्षणाचा वाटा समजा ९३ वर गेला, तर पकडीला उरतात ७. रेंच तोच आकडा दाखवून ‘कट’ आवाज देईल, पण पकड जवळपास एक तृतीयांशाने घटलेली असेल. म्हणून या नटाला सांगितलेलीच पेस्ट, सांगितलेल्याच जागी लावायची. पोर्शेसाठी अ‍ॅल्युमिनियमची ऑप्टिमॉली टीए ही पेस्ट वापरतात. हाताला लागेल ते ग्रीस चोपडलं तर उलटी गफलत होते: घर्षण कमी होतं, त्याच आकड्याला ताण प्रमाणाबाहेर जातो आणि आट्यांवर बेतते.

टायर बसल्यावर पहिली काही मिनिटं

हवेच्या दाबाचा इशारा पेटला की वेग हळूहळू कमी करा आणि पक्क्या, सपाट जागी थांबा. ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ हा मोह या टायरना महागात पडतो. सध्याच्या जीटी३ चा पुढचा टायर २५५/३५ आर २० आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची म्हणजे २५५ चे ३५ टक्के, जेमतेम ८९ मिलिमीटर. हवा गेली की ती भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चेंगरते, तापते आणि आतले धागे तुटतात. बाहेरून टायर धडधाकट दिसतो. काढून आत पाहिलं तर रबराचा काळा भुगा सांडलेला असतो. असा टायर पंक्चर काढून वापरण्याच्या लायकीचा राहत नाही, मग खिळा कितीही बारीक असो.

स्टेपनी का देत नाहीत, याचं उत्तरही याच आकड्यांत आहे. मागचा टायर ३१५/३० आर २१. पुढचं चाक २० इंची, मागचं २१ इंची, त्यामुळे एकच स्टेपनी दोन्हीकडे चालणं अशक्य. लहान, बारीक स्टेपनी पुढे बसवावी तर ४०८ मिलिमीटरची ब्रेक डिस्क आणि तिचा कॅलिपर तिच्या रिममध्ये मावणार नाही. म्हणून गाडीसोबत मिळते ती सीलंटची, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली आणि १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर.

आता टायर नीट बघा. भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागात आहे आणि साधारण ४ मिलिमीटरपेक्षा मोठं नाही, तर सीलंट चालतं. बाजूची भिंत कापली गेली असेल, रिमची कड वाकली असेल किंवा टायर रिमवरून सुटला असेल, तर बाटली उघडूच नका. खिळा किंवा स्क्रू दिसत असेल तर तो उपटायचा नाही, तूर्त तोच बूच आहे.

व्हॉल्व्ह अगदी खाली असेल तर गाडी थोडी पुढे सरकवून तो वर आणा, म्हणजे सीलंट उलट वाहून बाहेर येणार नाही. बाटली जोरात हलवा. ज्या किटमध्ये बाटली हाताने पिळायची असते, तिथे किटमधल्या छोट्या हत्याराने व्हॉल्व्हचं आतलं पिन आधी काढावं लागतं. ते स्वच्छ फडक्यावर ठेवा. मातीत पडलं तर व्हॉल्व्ह गळका होतो आणि मग सीलंट बरं असूनही हवा टिकत नाही. बाटली रिकामी करा, पिन परत बसवा, हवा भरा. कंप्रेसर छोटा असतो, सलग किती मिनिटं चालवायचा ते त्याच्यावर लिहिलेलं असतं आणि त्याची नळी हाताला चटका बसेल इतकी तापते. दाब सांगितलेल्या आकड्यावर चढतच नसेल तर भोक आपल्याला दिसतंय त्याहून मोठं आहे. तिथेच थांबा.

दाब चढला तर लगेच निघायचं. सीलंट टायरच्या आत पसरतं ते चाक फिरल्यावरच, उभ्या गाडीत ते तळाशी साचून राहतं. साधारण दहा मिनिटं चालवून पुन्हा दाब मोजा. तो टिकला असेल तर ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून थेट कार्यशाळा गाठा. किटमध्ये ८० चा स्टिकर असतो, तो समोर दिसेल असा लावा. आपण कशावर चाललोय हे जोरकस गाडीत पाच मिनिटांत विसरायला होतं.

चिकट दोरीचा प्लग बाहेरून खुपसण्याची युक्ती हवा धरते, नाही असं नाही. पण ३०० च्या वेगासाठी बनवलेल्या टायरला ती कार्यशाळेपर्यंत पोहोचण्यापुरतीच मानावी.

ट्रकवर चढवताना

पुढची किंवा मागची चाकं उचलून ओढणारी क्रेन नको, सपाट पाठीचा ट्रकच हवा. फोनवर तसं स्पष्ट सांगा आणि गाडीचं नाक खाली असल्याचंही सांगा, म्हणजे ते लाकडाच्या किंवा फोमच्या उताराच्या पट्ट्या घेऊन येतील. पुढचा अ‍ॅक्सल उचलायची सोय गाडीत असेल तर ती आधी चालू करा, मग इंजिन बंद. ओढण्याची कडी हत्यारांच्या पिशवीत असते आणि बंपरच्या झाकणाआड फिरवून बसवायची असते. ती शेवटपर्यंत बसली पाहिजे, अर्धवट आट्यांवर गाडीचं वजन आलं की वाकते. बसलेल्या चाकाखाली सरकपट्टी किंवा छोटी ट्रॉली घातली तर रिम घासत नाही. पट्टे टायरवरून घ्यायला सांगा, सस्पेन्शनच्या दांड्यांना बांधू देऊ नका.

नटाचं सॉकेट मात्र गाडीतच असू द्या आणि ते कुठे आहे हे चालकाला दाखवून ठेवा. कार्यशाळेकडे रेंच असतो, जॅक असतो; नेमक्या या दात्यांचं सॉकेट असेलच असं नाही. ते नसलं की चकाचक लिफ्टवर चढवलेली गाडी दिवसभर तशीच लटकून राहते.

नट उघडायचा असेल तर

गाडी लिफ्टवर किंवा भक्कम घोड्यांवर (गाडी पेलून धरणाऱ्या स्टँडवर) हवी. ६०० न्यूटन-मीटरचा जोर लावताना गाडीला आडवा धक्का बसतो आणि छोटा कात्री जॅक तेवढ्याने कलंडू शकतो. चाक हवेत असताना आवळायचं की जमिनीला टेकवून, हे त्या गाडीची पुस्तिका सांगेल तसंच. सुरुवातीचं आवळणं मात्र चाक अधांतरी असतानाच करावं, नाही तर गाडीचा भार चाकाला एका बाजूला दाबतो आणि नटाचा निमुळता भाग मधोमध बसत नाही.

दुसरा माणूस लागतोच. तो आत बसून ब्रेकचा पेडल दाबून ठेवतो. पार्किंग ब्रेक मागच्याच चाकांना धरतो, पुढे त्याचा उपयोग शून्य. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखा होतो, कारण ब्रेकला जोर पुरवणाऱ्या सर्व्होची मदत संपते. तेव्हा मन लावून दाबणारा माणूस बसवा, फोनवर बोलत पाय ठेवणारा नको.

मधलं झाकण प्लास्टिकच्या आकड्याने ओढून काढा. सॉकेट सरळ आत ढकला, कुलूप दबल्याचं हाताला जाणवेपर्यंत. सगळ्यात जास्त नासधूस या पायरीवर होते. सॉकेट अर्धवट बसलं, किंवा लांब दांड्याच्या वजनाने ते तिरकं झालं, की नटाचे दाते सोलवटतात. फॉर्म्युला वनमध्ये २०२१ च्या मोनॅको ग्रां प्रीत याचाच नमुना दिसला. वाल्टेरी बोटासच्या मर्सिडीजच्या पुढच्या उजव्या नटावर एअर गन (हवेच्या दाबाने नट फिरवणारं यंत्र) नीट न बसता फिरली, नटाच्या धरायच्या कडा गुळगुळीत झाल्या आणि शर्यत तिथेच संपली. ते चाक निघालं ते काही दिवसांनी, कारखान्यात नेल्यावर. जे मेकॅनिक चार चाकं दोन सेकंदांत बदलतात, त्यांची ही गत! घरगुती उपाय सोपा आहे: सॉकेटजवळ दांड्याखाली एक घोडी ठेवा. वजन घोडीवर जातं आणि सॉकेट सरळ राहतं.

नट सुटला की चाक गुडघ्याने हबला टेकवून धरा. रिम आणि टायर मिळून वजन २० किलोच्या पुढे जातं, आणि सिरॅमिक ब्रेक डिस्कच्या कडेवर ते आदळलं तर टवका उडतो. त्या टवक्यापुढे टायरचा खर्च किरकोळ वाटेल. खाली बसून, पाय चाकाखाली तरफेसारखा घालून उचलणं सोयीचं पडतं.

आता साफसफाई. इथे घाई नको. जुनी पेस्ट काळी, किरकिरीत झालेली असते. ती धागे न सोडणाऱ्या फडक्याने आट्यांतून आणि नटाच्या निमुळत्या भागावरून पूर्ण पुसून काढा. नख फिरवून बघा, ओरखडा किंवा उचललेला धातू लागला तर नट बदलायचा. खुंट्यांभोवती तपकिरी-काळी भुकटी दिसली, किंवा चाकाच्या मागची भोकं लांबट झालेली दिसली, तर चाक आत हलत होतं याचा तो पुरावा समजा. नवी पेस्ट पातळ थरात, आट्यांवर आणि नटाच्या निमुळत्या भागावर. हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात तो पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा. डिस्कवर बोटाचा डागसुद्धा नको.

चाक चढवताना खुंट्या भोकांसमोर आल्या की ते सहज आत सरकतं. नट हाताने फिरवा, तीन-चार वेढे बोटांनीच जायला हवेत. अडखळला तर मागे घ्या आणि पुन्हा लावा. पान्याने रेटलं तर आटे एकमेकांवर चढून चिकटतात, मग नट कापूनच काढावा लागतो. एअर गनने आवळू नये, तिच्या ठोक्यांत किती पीळ बसला याचा थांग लागत नाही.

पोर्शेची पद्धत अशी आहे: ६०० पर्यंत आवळा, पाव वेढा सैल करा, पुन्हा ६०० पर्यंत आवळा. पहिल्या फेरीत पृष्ठभाग एकमेकांवर बसतात, पेस्ट पसरते. दुसऱ्या फेरीतला आकडा खरा. शेवटचा टप्पा एका संथ ओढीत घ्या, कारण मध्ये थांबून पुन्हा सुरू केलं की थांबलेल्या घर्षणामुळे रेंच आधीच ‘कट’ म्हणतो. नुकतीच ट्रॅकवर धावून आलेली गाडी असेल तर हब निवल्यावरच हात घाला.

सॉकेट काढल्यावर मधलं दातेरी कुलूप पूर्ण बाहेर आलंय का ते डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. दाते समोरासमोर आले नसतील तर ते आतच अडकून राहतं. मग सॉकेट पुन्हा घालून नट आवळायच्या दिशेने किंचित फिरवायचा, सैल करायच्या दिशेने कधीच नाही. झाकण त्यानंतर. घाईत आधी झाकण लावलं की आत काय झालंय हे कोणालाच दिसत नाही.

टायरच्या दुकानात काय विचारायचं

चाक बॅलन्स करायचं यंत्र मधल्या भोकावर चाक धरतं. सेंटर-लॉकचं मधलं भोक मोठं आणि निमुळतं असतं, त्याला योग्य अडॅप्टर नसेल तर चाक यंत्रावरच किंचित वाकडं बसतं. यंत्र त्या वाकडेपणालाच असमतोल समजून वजनं लावायला सांगतं, आणि महामार्गावर स्टिअरिंग थरथरतं. तपासायची सोपी खूण आहे: बॅलन्स झालेलं चाक यंत्रावरून सोडून अर्धा वेढा फिरवून पुन्हा लावायला सांगा. आकडा बदलला तर अडॅप्टर चुकीचा आहे.

सीलंट वापरलं असेल तर ते आधीच सांगा. आतून ते पुसून काढावं लागतं आणि दाबाचा सेन्सर साफ करावा किंवा बदलावा लागतो. टायर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, यावर माझं मत कडक आहे: गाडी ट्रॅकवर जात असेल तर नवाच. दुरुस्ती केलीच तर ती टायर उतरवून, आतून तपासून, आतूनच केलेली असावी आणि त्यानंतर त्या टायरवरच्या, कमाल वेग सांगणाऱ्या अक्षरावर भिस्त ठेवू नये. एकच टायर नवा घेत असाल तर त्याच अ‍ॅक्सलवरच्या दुसऱ्या टायरच्या खाचांची खोली मोजा. पोर्शेच्या सूचनेनुसार एका अ‍ॅक्सलवरच्या दोन टायरच्या खोलीत ३० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. मागचे टायर पुढच्यांपेक्षा लवकर झिजतात, त्यामुळे मागे पंक्चर झालं की बहुधा जोडीच घ्यावी लागते.